मॅस्टोडॉन, चार महिने वापरून : पाचपैकी साडेतीन

गेल्या वर्षी कुणीतरी माझा फोटो लावून, माझ्याच नावाने एका सोशल साइटवर खातं उघडलं आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे पाच-पाच हजार मागितले. दोघांनी पाठवलेही. कंपनीकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की खात्यात आक्षेपार्ह काही आढळलं नाही. तीस वर्षं गणित शिकवलं, पण असा उफराटा ताळा पाहिला नव्हता. मी माझं खरं खातंच बंद केलं.

पण थंडी पडली की नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चकरा सुरू होतात आणि काढलेले फोटो कुणाला दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा पुण्याच्या भाच्याने फोनवरून हे मॅस्टोडॉन नावाचं सोशल नेटवर्क गळ्यात मारलं.

हे एका कंपनीचं दुकान नाही. जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवावं. असे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात. मी जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढले, त्यामुळे मला पटकन कळलं: प्रत्येक वाड्याचा मालक वेगळा, नियम वेगळे, पण दिंडी दरवाजे एकमेकांकडे उघडे. म्हणूनच नावाचे दोन भाग असतात, एक तुमचं आणि एक वाड्याचं. माझंच नाव दुसऱ्या सर्व्हरवर दुसरं कुणी घेऊ शकतं. पोळलेल्या माणसाने हे आधी लक्षात ठेवावं. म्हणून मी माझ्या पक्षी-यादीच्या वेबपानाचा दुवा खात्याशी जोडून पडताळून घेतला. पडताळला की तो हिरवा दिसतो. पैसे पडत नाहीत, फक्त त्या पानात एक छोटा कोड टाकावा लागतो. तो भाच्याने टाकला.

पहिला सर्व्हर मी चुकीचा निवडला. छोटा, पक्ष्यांचाच, चित्र सुंदर. तीन आठवड्यांनी एका सकाळी तो उघडेना, तो आजतागायत. सूचना नाही, काही नाही. माझे चाळीसेक फोटो आणि त्याखालचं बोलणं गेलं. फोटो माझ्याकडे होते, बोलणं कुठून आणणार? दुसऱ्या वेळी मॅस्टोडॉनच्या अधिकृत साइटवरच्या यादीतून घेतला. त्या यादीत यायचं तर सर्व्हर चालवणाऱ्याला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात: द्वेष पसरवणाऱ्यांवर कारवाई, रोजचा बॅकअप, अडीनडीला किल्ली असलेला आणखी एक माणूस आणि बंद करायचं तर तीन महिने आधी कळवणं. माझी पहिली वास्तू या यादीत होती का, हे मी तेव्हा बघितलंच नव्हतं. सर्व्हर बदलता येतो, तुम्हाला फॉलो करणारे सोबत येतात, पण जुन्या पोस्ट जुन्या जागीच राहतात. म्हणून मी आता महिन्याला एकदा सगळं उतरवून घेते.

आता माझी फजिती. इथे खासगी निरोप म्हणजे वेगळा डबा नाही. तीही एक पोस्टच, फक्त ज्यांचं नाव तीत लिहिलंय त्यांनाच दिसणारी. चित्रबलाकाचा एक फोटो मला चोरीचा वाटला. मैत्रिणीला खासगीत लिहिलं, ‘या गृहस्थांनी बहुतेक कुणाचा तरी ढापलाय’, आणि कोण ते तिला कळावं म्हणून अ‍ॅट द रेट लावून त्या गृहस्थांचं नावही लिहिलं. झालं! निरोप त्यांनाही पोचला. पाच मिनिटांत उत्तर: ‘फोटो माझाच आहे ताई, मूळ फाइल पाठवू का?’ मी फोन उशीखाली ठेवून स्वयंपाकघरात गेले. माफी रात्री मागितली.

शिवाय हे निरोप कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा मनात आणलं तर वाचू शकतो. वाड्याच्या मालकाला सगळं ऐकू यायचंच. बँकेचं, आजारपणाचं इथे लिहू नये.

दुसरी मेख अशी. ‘फक्त फॉलोअर्स’ असं निवडून पोस्ट टाकली की वाटतं घरातलीच माणसं बघताहेत. पण फॉलो कुणीही करू शकतो, म्हणजे उंबरा ओलांडायला कुणालाच मनाई नाही! फॉलो विनंती आपण मंजूर करायची, ही सोय सेटिंगमध्ये आधी चालू करावी लागते. मी केली. आपली पोस्ट पुसली तरी दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली प्रत पुसली जाईलच असं नाही, हेही भाच्याने दोनदा बजावलं.

आणि तंत्राशी संबंध नसलेली एक सवय. अभयारण्याजवळच्या चापडगावच्या, पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून फोटो तिथल्या तिथे टाकायचा नाही. टाकला म्हणजे इंदिरानगरचं घर कुलूपबंद आहे हे जगाला सांगितल्यासारखं. घरी आले की टाकते, आणि घरट्याची जागा तर लिहीतच नाही.

कौतुक तक्रारीच्या सोयीचं. एक बाई की बाप्या, कोण जाणे, मला नाण्यांच्या गुंतवणुकीचे निरोप पाठवत होती. तक्रार करताना मॅस्टोडॉननेच विचारलं, ‘तिच्या सर्व्हरलाही कळवायचं?’ कळवलं. दुसऱ्या दिवशी खातं गायब. नुसता माणूसच नाही, नको असलेला अख्खा सर्व्हरही आपल्यापुरता ब्लॉक करता येतो. जाहिरात एकही दिसली नाही.

दीड गुण कापला तो मराठी माणसांच्या दुष्काळासाठी. नाशिक शोधलं तर दोनचार द्राक्षबागा आणि मीच. नातेवाइकांच्या गप्पा हव्या असतील त्यांनी इकडे फिरकू नये. पण डिसेंबरात रोहित पक्ष्यांचा फोटो टाकला, तर एका स्पॅनिश बाईने विचारलं, हे पाणी कुठलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बांधलेला बंधारा, २०२० पासून रामसर या जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, त्या यादीतली महाराष्ट्रातली पहिली, एवढं मोडक्या इंग्रजीत समजावता समजावता रात्रीचे अकरा वाजले.

दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारं, पहिल्याच दिवशी लावा. त्या वेळी मिळालेले सुटकेचे कोड, फोन हाताशी नसला तर वापरायचे, मी छापून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले होते. जानेवारीत फोन पाण्यात पडला, तेव्हा त्यातल्याच एकाने आत शिरले.