बस्ता पेठेत बांधायचा की मॉलमध्ये? कापड आणि किराणा, दोन्हींचा हिशेब

नणंदेच्या मुलाचं लग्न फेब्रुवारीत आहे. दिवाळीपासून घरात एकच विषय चाललाय, बस्ता कुठं बांधायचा. वन्सं म्हणतात, आपलं नेहमीचं दुकान सोडायचं नाही. नवरदेव म्हणतो, संभाजीनगरला प्रोझोन मॉलला जाऊ, एका दिवसात सगळं उरकेल. होणाऱ्या सूनबाईंनी मोबाईलवर दोन घागरे पसंत करून ठेवलेत. शेवटी मी म्हटलं, आधी सगळीकडे हिंडून येते, मग ठरवा. महिनाभर तेच केलं. लग्न असो की वर्षाचं भरणं, तुमच्याही घरात हाच पेच पडला असेल तर माझी पायपीट तुमच्या कामाला येऊ दे.

आमच्या तालुक्याच्या गावचं ते जुनं दुकान दुमजली आहे, खाली किराणा आणि वर कापड. पुढं त्याच्या तक्रारीही सांगणार आहे, म्हणून नाव घेत नाही. मुंबईत अपना बाजार 1948 साली सुरू झाला आणि 1962 नंतर केंद्र सरकारनं ग्राहक सहकारी भांडारांना बळ दिलं. त्यानंतर एकाच छपराखाली धान्य, साबण, कापड देणारी दुकानं आपल्याकडच्या गावांतूनही दिसू लागली. काही सहकारी, काही घरची.

माझ्या लहानपणी अशा दुकानाबद्दल बायकांचं मत ठरलेलं होतं. कापड घ्यावं तर तिथलंच, पण डाळ तिथली घेऊ नये. डाळीत खडे निघायचे, साखर ओलसर असायची. वरच्या मजल्यावर मात्र गादीवर बसलेले काका कापड दोन बोटांत चोळून सांगायचे, "वहिनी, हे आटंल, अर्धा मीटर जास्त घ्या." आटेल म्हणाले की ते आटायचंच. माझ्या लग्नाचा बस्ता तिथं बांधला तेव्हा बारा जणं सकाळी चढलो होतो, दिवेलागणीला उतरलो. आजेसासूंचं लुगडं निवडायलाच दीड तास गेला आणि त्याबद्दल कुणाच्या कपाळाला आठी नव्हती.

आज हे मत बरोबर उलटं झालंय. भिशीतल्या आठजणींना विचारलं. किराणा आठहीजणी तिथून भरतात, वरच्या मजल्यावर वर्षभरात दोघीच गेल्या होत्या, त्याही फॉल-पिकोसाठी. एकीनं नेमकं सांगितलं, "कापड चांगलं हाय, पण शिवायलंय कोण?"

मला वाटतं, गोम तिथंच आहे. ते दुकान शर्टपीस, पँटपीस, खण, धोतर, लुगडी यांत मुरलेलं होतं. लोक तयार कपड्यांकडे वळले, तसे त्यांनीही तयार कपडे भरले, पण त्यांतलं त्यांना कधी नीट कळलं नाही. मापं अपुरी, मागच्या दिवाळीचा माल पुढच्या दिवाळीला. कापड ओळखणारे काका थकले आणि त्यांच्या जागी पगारी पोरं आली. पोरं मनानं चांगली आहेत, पण "हे कॉटन आहे का?" विचारलं तर लेबल वाचून दाखवतात. खाली मात्र पुढच्या पिढीतला मुलगा बसतो. तो स्वतः आडतीवर जातो, गिरणीत उभा राहून डाळ हातात घेऊन बघतो. जाणकारी वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर उतरली, आणि गिऱ्हाईकही तिच्या मागोमाग उतरलं.

आता एकेक जिन्नस घेऊ.

मानाच्या आणि आहेराच्या साड्या. यासाठी अजूनही पेठच बरी, आणि आम्ही तेच करणार आहोत. चाळीस-पन्नास साड्या घ्यायच्या, त्यात आत्याला काठापदराची, मावशीला तिच्या तोलाची, चुलत जावांना एकसारख्या, म्हाताऱ्यांना इरकल. हे गणित मॉलमधल्या मुलाला सांगता येत नाही. पेठेतला माणूस "मुलाकडचे का मुलीकडचे?" एवढंच विचारून ढीग लावायला घेतो. टॉवेल, टोपी, धोतर, ब्लाऊजपीस तिथंच मिळतं, गठ्ठा बांधून गाडीत येतो, न खपलेल्या चार-पाच साड्या परत घ्यायचं तोंडी ठरतं. ते तोंडी नका ठेवू, बिलावर लिहून घ्या.

फक्त तिथं गेल्यावर डोळे उघडे ठेवा. आहेराचा बहुतेक माल सुरतेचा असतो आणि तो पेठेत, मॉलमध्ये, मोबाईलवर सगळीकडे सारखाच. त्यामुळे पेठेत दिसलेल्या साडीचा भाव दोन दुकानांत विचारायला संकोच करू नका. दुसरं, मीटर लावा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीस ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही मिळून सहा मीटर तीस. स्वस्त आहेरात नेमकी तिथंच कात्री लागते. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरली पाहिजे. आमच्या नमुन्यातली एक साडी पाच मीटरलाच संपली. नेसणारीच्या निऱ्या कमी पडतात, आणि नाव आहेर करणाऱ्याचं निघतं.

नवरीचा शालू किंवा पैठणी. ही ना त्या जुन्या दुकानातून घ्या, ना मॉलमधून. "सेमी पैठणी" या नावाखाली जे विकलं जातं ते बहुधा यंत्रावरचं आणि पुष्कळदा रेशीमही नसतं. आपल्याच मराठवाड्यात पैठण आहे. आज सगळ्यात जास्त माग येवल्यात असले तरी पैठणलाही विणकाम चालू आहे, समोर बसून बघता येतं. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, यंत्राच्या साडीत मागं सुटे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. खऱ्या रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल मागा. शंका असेल तर काठाजवळचा एक धागा ओढून जाळा. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. सुती धागा कागदासारखा जळतो. दुकानातल्या त्या काकांनी मला हे शिकवलं तेव्हा मी सातवीत होते, आजवर एकदाही दगा झालेला नाही.

नवरदेवाचे आणि पोरांचे तयार कपडे. इथं मी निःसंकोच मोठ्या दुकानाच्या बाजूनं आहे. मापं सगळी मिळतात, घालून बघायला खोली असते, दिलेल्या मुदतीत कुरबूर न करता बदलून मिळतं. लहान मुलांच्या कपड्यांत तर प्रश्नच नको, ती सहा महिन्यांत वाढतात.

कराचा मात्र हिशेब करून जा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढं थेट 18 टक्के. म्हणजे 2,400 च्या कुर्त्यावर 120 रुपये कर आणि 2,600 च्या कुर्त्यावर 468. साडी आणि पीसचं कापड यांना ही पायरी नाही, तिथं किंमत कितीही असो 5 टक्केच. शेरवानी शिवून घ्यायची की तयार घ्यायची हे ठरवताना हा फरक जाणवतो, आणि आमच्या गावात हात चांगला असलेले शिंपी अजून आहेत. लेबलावरच्या किमतीत कर धरलेला असतो, पण पेठेत सांगितलेल्या भावावर "वरून जीएसटी" निघू शकतो. भाव ठरवतानाच विचारा, कर धरून की वरून?

मोबाईलवरची खरेदी. परकर, मोजे, घरात घालायचे गाऊन यांसाठी ठीक. लग्नाच्या कपड्यासाठी नको, रंग फोटोत एक आणि हातात दुसराच येतो. सूनबाईंचा घागरा आल्यावर हेच झालं, तो परत गेला आणि पैसे यायला बारा दिवस लागले.

आता माझी तक्रार. दोन वर्षांपूर्वी त्याच जुन्या दुकानातून सासूबाईंसाठी इरकल घेतली. पहिल्याच धुण्यात काठाचा लाल रंग अंगावर उतरला. घेऊन गेले तर त्यांनी बिलाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." तीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी, फार लागलं मनाला. तेव्हा मुकाट्यानं परतले, आज परतले नसते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत असेल ती, नसेल तर 30 दिवस. बिल न देणंही त्यातच येतं. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. हा नियम पेठेला आहे, मॉलला आहे आणि मोबाईलवरच्या विक्रेत्यालाही आहे. फरक एवढाच की मॉलमध्ये माल परत देताना भांडावं लागत नाही. लोकांचं मन तिथल्या कपड्यांवरून उठलं त्यामागं हेही एक मोठं कारण आहे. रंग कुठल्याही दुकानाच्या साडीचा जाऊ शकतो, त्यानंतर दुकान कसं वागलं ते माणसाच्या लक्षात राहतं.

किराण्याकडे येते, कारण खरं तर मला याबद्दलच जास्त बोलायचंय.

साखर, साबण, चहापत्ती, बिस्किटं, फरशी पुसायचं औषध असा कंपनीच्या पाकिटातला माल डी-मार्टसारख्या ठिकाणी स्वस्त पडतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. छापील किमतीपेक्षा किती कमी ते तिथं लिहिलेलंच असतं. तिथंही पाकीट फिरवून बघा. वजनी मालावर आता एका ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापावा लागतो. खाद्यतेलाचा एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. शेजारीच 850 ग्रॅमची पिशवी तेवढ्याच उंचीची उभी असते आणि स्वस्त वाटते.

पण डाळ, ज्वारी, तेल, हळद, चिंच आणि खवा यांत आपल्याकडच्या जुन्या दुकानाला तोड नाही, आणि त्याचं कारण आपली माती आहे. लातूरच्या तुरीचं आणि डाळीचं नाव देशभर आहे. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी आणि कुंथलगिरीचा खवा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावचाच माल अशी सरकारी ओळख मिळाली. वसमतच्या हळदीलाही ती आहे. मॉलच्या मांडणीत यातलं काय दिसतं? मी शोधलं. तूरडाळ होती, पण कुठल्या गावची ते पाकिटावर नव्हतं. आमच्या दुकानातला मुलगा पोत्याचं तोंड उघडून सांगतो, "मावशी, ही गिरणीची चकचकीत फटका, ही बिनापॉलिशची. आमटीला ही न्या." बिनापॉलिशची डाळ दिसायला फिकट, थोडी ओबडधोबड, पण वरणाला वेगळी गोडी येते. दोन्ही पाव-पाव किलो नेऊन एकाच दिवशी शिजवून बघा.

ज्वारीचंही तसंच. मालदांडी आणि संकरित ज्वारी पिठात एकदा मिसळली की ओळखता येत नाही, म्हणून पीठ विकत घेऊ नका, दाणा घ्या. मालदांडीचा दाणा टपोरा, मोत्यासारखा असतो आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. वर्षाचं भरणं करणाऱ्यांनी दुकानात आधी सांगून ठेवावं, नवी ज्वारी आली की ते बाजूला काढून ठेवतात. ही सोय आमच्या गावात दुसरीकडे कुठंही नाही. मला तरी त्या दुकानाची खरी किंमत यातच दिसते.

तेलाबद्दल एक सांगते. करडई हे मराठवाड्याचं पीक. करडीचं तेल पूर्वी घरोघरी होतं, मग सोयाबीननं शेतं घेतली आणि पिशवीनं स्वयंपाकघर घेतलं. जुन्या दुकानात घाण्याचं करडी तेल डब्यात भरून मिळतं. पिशवीपेक्षा महाग आहे, रोजच्या तळणाला परवडत नाही हे खरं. फोडणीला आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर कारळाच्या चटणीवर घालायला मात्र मी तेच आणते. सुटा माल म्हणून मनात शंका असेल तर दुकानाचा अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआय) परवाना बघा, तो दर्शनी भागात लावायचा असतो. सुट्या मिठाईच्या थाळ्यावर "कधीपर्यंत खावी" ही तारीख लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. आमच्या दुकानात पेढ्यांवर ती पाटी नव्हती. मी म्हटल्यावर दोन दिवसांत लागली. वरच्या मजल्यावर मला असं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं.

तर आमच्या घरी असं ठरलंय. मानाच्या आणि आहेराच्या साड्या लातूरच्या गंजगोलाई पेठेतून. तिथून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कापडाच्या रस्त्यावर तीन दुकानांत भाव करून, आणि बुधवारी सकाळी, शनिवार-रविवारी नाही. नवरीसाठी पैठण. नवरदेव आणि बच्चेकंपनी संभाजीनगरला. लग्नघराचा सगळा किराणा आमच्या दुमजली दुकानाच्या खालच्या मजल्यावरून. येसराच्या आमटीला लागणारी डाळ आणि मसाल्याचं सामान लिहून दिलंय. खवा मात्र लग्नाच्या आदल्या दिवशीच आणायचा, तो राहत नाही. वन्संना अजून वाटतं की निदान सासूबाईंचं लुगडं तरी वरच्या मजल्यावरून घ्यावं. काका आठवड्यातून दोनदा दुपारी येऊन बसतात असं कळलंय. ते असतील त्या दिवशी आम्ही जाणार आहोत.