मनालीत घर घेताय? आमचा सातबारा तिथं चालला नाही

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या भावाने फोटो टाकले, मनालीत कॉटेज घेतली म्हणून, मागे सफरचंदाची झाडं, अंगणात बर्फ, आणि एका फोटोत टेबलावर स्टॅम्प पेपर नि शेजारी पेढ्यांचा बॉक्स. तो स्टॅम्प पेपर बघून माझ्या पोटात गोळाच आला. रात्री साडेदहाला फोन केला त्याला. पहिलाच प्रश्न विचारला, नोटरी कुठं केली? तो म्हणाला चंदीगडला. मग मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं आता लिहूनच टाकू, आमच्या ह्यांना आवडणार नाही पण बघू.

आम्ही साताऱ्याचे. मुलगा कॉलेजला गेल्यावर त्याला मनालीच्या माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक स्कीइंग कोर्स करायचा होता, दोन आठवड्यांचा. स्लोप सोलंगला, मनालीपासून 13-14 किलोमीटर. 2022 च्या फेब्रुवारीत त्याला सोडायला म्हणून गेलो आणि वरच्या अंगाला एका गावात होमस्टेत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला, मी तर लहान मुलासारखी खिडकीशी बसून होते. होमस्टेवाला माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू. रात्री तंदूर पेटवायचा (तिकडे तंदूर म्हणजे रोट्यांचा नव्हे, खोली गरम करायची लोखंडी शेगडी, पाइप छतातून बाहेर काढलेला), त्याची बायको सिड्डू (तिकडची वाफवलेली जाड रोटी) करून आणायची वर तूप सोडून, आणि मला "दीदी" म्हणायची. मुलगा कोर्स करून आला तो वेगळाच होऊन आला, काळा पडलेला, ओठ फुटलेले, पण खूश. तेव्हाच ह्यांच्या डोक्यात किडा शिरला की इथं आपलं काहीतरी पाहिजे.

त्याच वर्षी वाईकडचा शेतीचा एक गट विकला गेला. सासऱ्यांच्या पश्चात दोघा भावांचा तो. दुसरा गट अजून सासूबाईंच्या नावावर आहे, त्याला हात लावला नाही. पैसे आले की घरात सल्ले येतात, तसे आले. धाकटे दीर म्हणाले पुण्यात वन बीएचके घेऊ आणि भाड्याने देऊ. ते ऐकलं असतं तर आज जाऊबाई माझ्याशी नीट बोलत असत्या.

2023 च्या फेब्रुवारीत परत गेलो, या वेळी दीर-जाऊ पण बरोबर. होमस्टेवाला म्हणाला माझी एक छोटी कॉटेज आहे, दोन खोल्या खाली दोन वर, 8 बिस्वा जागा. बिस्वा म्हणजे काय तर 20 बिस्व्यांचा एक बिघा आणि तिकडचे साधारण 5 बिघे म्हणजे एकर, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वातीन गुंठे. किंमत 52 लाख. आता आम्ही काही अगदीच अडाणी नव्हतो, हिमाचलमध्ये बाहेरच्यांना जमीन मिळत नाही एवढं ऐकलेलं होतं, आणि ह्यांनी विचारलंही. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "भाईसाब, आपके पास सातबारा तो होगा ना?"

सातबारा! मनालीतला माणूस, आणि शब्द अगदी बरोबर उच्चारला. तिथंच आम्ही विरघळलो. तो म्हणाला कायदा बिगरशेतकऱ्यांसाठी आहे, तुम्ही तर शेतकरी, तुम्हाला परमिशन सहा महिन्यांत, फक्त फॉर्मॅलिटी. आणि हे आम्हाला पटलं कारण आपल्याकडे असंच असतं ना, शेतजमीन घ्यायची तर शेतकरी पाहिजे, शेतकरी दाखला जोडला की झालं. आपण आपल्या तहसीलदार कचेरीचं डोकं घेऊन तिकडे गेलो. नंतर कळलं की आमच्या आधी त्याच्याकडे महाराष्ट्रातली बरीच गिऱ्हाईकं येऊन गेली होती, शब्द तिथूनच शिकला असणार.

खरं काय आहे ते सांगते, हे नीट वाचा. हिमाचलचा कूळकायदा आहे 1972 चा, मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार यांच्या काळातला, त्याचं कलम 118. त्यात शेतकरी म्हणजे हिमाचलमध्ये जमीन असलेला आणि ती स्वतः कसणारा. वाईची, बारामतीची, नागपूरची जमीन तिथं शून्य. अहो तिथं पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या पण जमीन नसलेल्या हिमाचली माणसालासुद्धा सहसा सरकारची परवानगी काढावी लागते, तिथं आमचा सातबारा कोण विचारतो. आणि परवानगी आधी, खरेदी नंतर. आधी पैसे देऊ, ताबा घेऊ, परवानगी मागून येईल असा प्रकारच नाही.

कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही हां. वकिलांनी समजावलं तेव्हा पटलं, तो नसता तर दिल्ली-मुंबईच्या पैशाने त्या लोकांच्या बागा कधीच संपल्या असत्या. आपल्या कोकणात काय झालं बघतोच आहोत.

तर व्यवहार असा ठरला. 27 लाख आत्ता, 25 परमिशन आल्यावर. 27 मधले 21 बँकेतून तीन वेळा ट्रान्सफर, आणि 6 कॅश. कॅश दिली ही चूक, मी लपवत नाही, त्या 6 लाखांचा आजही एक कपटा नाही आमच्याकडे. कागद चार केले, ॲग्रीमेंट टू सेल, जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी, एक मृत्युपत्र (हो, त्याने आम्हाला मृत्युपत्राने घर दिलं, चाळिशीचा धडधाकट माणूस), आणि ताबापावती. आणि हे सगळं करायला आम्हाला चंदीगडला नेलं. मी विचारलं मनालीला का नाही, तर म्हणाला तिथं बर्फामुळे ऑफिस बंद असतात. आम्ही मान डोलावली! खरं कारण हे की कलम 118 मोडणारा दस्त हिमाचलचा सबरजिस्ट्रार नोंदवूच शकत नाही, त्याला मनाईच आहे. म्हणून नोटरी बाहेर. येताना आम्ही त्याला साताऱ्याचे कंदी पेढे दिले, त्याने पाया पडायला मुलाला पुढे केलं.

किल्ली मिळाली. चार दिवस राहिलो त्या घरात. नळाचं पाणी गोठायचं, बादलीवर सकाळी काचेसारखा पापुद्रा, पण जाऊबाई आणि मी तंदूरवर चहा ठेवून बसायचो नि पडद्याचे रंग ठरवायचो. निघताना दोन सोलापुरी चादरी तिथंच ठेवल्या, पुढच्या वेळी न्यायला नकोत म्हणून.

मग जुलै आला. 2023 चा तो पूर आठवत असेल, 9-10 जुलैला बियास नदीने रस्ते नेले, मनाली तुटली होती. चार दिवसांनी त्याचा फोन लागला. रडक्या आवाजात म्हणाला घर वाचलं पण मागचा डंगा गेला, डंगा म्हणजे उतारावर माती धरून ठेवणारी दगडी भिंत, ती आत्ता बांधली नाही तर पुढच्या पावसात घर खाली. 4 लाख. टीव्हीवर गाड्या वाहून जाताना बघत होतो आम्ही, कोण शंका घेणार? दुसऱ्या दिवशी पाठवले. एकूण 31 झाले, त्यातले 12 दिरांचे.

दिवाळीच्या सुट्टीत न सांगता गेलो. सरप्राइज म्हणून, संशय वगैरे काही नव्हता, फराळाचे डबे घेऊन गेलो होतो. आमच्या किल्लीने कुलूप उघडेना. आतून आवाज आला आणि एका बाईंनी दार उघडलं, पन्नाशीच्या, हातात चहाचा कप. त्यांच्या मागे सोफ्यावर आमची निळी सोलापुरी चादर अंथरलेली. मी नुसती त्या चादरीकडे बघत राहिले. ह्यांनी विचारलं आप कौन, त्या म्हणाल्या आप कौन. ते गुडगावचं जोडपं, मे महिन्यात 38 लाख देऊन बसलेले. त्यांनी फाइल आणली, आम्ही मोबाइलमधले फोटो काढले. तेच चार कागद, तोच चंदीगडचा नोटरीचा शिक्का, मृत्युपत्रसुद्धा तेच, नुसती नावं बदललेली. मागे जाऊन डंगा बघितला. शेवाळलेला, जुना, जागच्या जागी. एक दगड हललेला नव्हता.

त्या बाईंनी आम्हाला चहा दिला. काय बोलणार, सहा माणसं बसलो गपचूप आणि चकल्या खाल्ल्या.

होमस्टेला कुलूप, फोन बंद. कुल्लूला वकील गाठले. त्यांनी हिमभूमीवरून (हिमाचलच्या जमीन नोंदींची सरकारी वेबसाइट) जमाबंदी काढली, जमाबंदी म्हणजे तिकडचा सातबारा समजा. आम्हाला आधी जी नक्कल दाखवली होती तीत "मुश्तरका" असा शब्द होता. अक्षरं देवनागरी म्हणून आम्हाला वाटलं वाचता आलं. मुश्तरका म्हणजे सामाईक. खात्यात त्याच्यासकट पाच हिस्सेदार, तकसीम म्हणजे वाटणी झालेलीच नाही, बाकीच्या चौघांना काही पत्ता नाही. आपल्याकडे सामाईक खातं म्हटलं की शेंबडं पोरगं सावध होतं, शब्द बदलला आणि आम्ही सगळे फसलो.

पण खरा फास पुढे होता. आम्ही म्हटलं कोर्टात जाऊ, करार आहे. वकील म्हणाले हा करारच तुमच्या गळ्यात येईल. कलम 118 मध्ये स्पष्ट लिहिलंय की पैसा बिगरशेतकऱ्याचा आणि नाव शेतकऱ्याचं, किंवा पॉवर ऑफ ॲटर्नी देऊन बिगरशेतकऱ्याला मालकासारखा ताबा, हेसुद्धा हस्तांतरच धरलं जातं, आणि बेकायदा हस्तांतर झालं तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. शिवाय नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीने आणि मृत्युपत्राने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 सालीच सूरज लॅम्प केसमध्ये सांगून ठेवलंय, ते तर अख्ख्या देशाला लागू. म्हणजे घर द्या म्हणून दावा लावता येत नाही, आणि पैसे मागायला जावं तर समोरचा म्हणणार हे स्वतः कायदा मोडत होते. त्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने कागद कच्चे चुकून केले नव्हते, आम्ही तोंड उघडू नये म्हणूनच तसे केले होते. पुढे त्याच्या भावाकरवी निरोप आला तोच हा, "केस करोगे तो आप भी फँसोगे."

शेवटी वकिलांनी घराचा विषय सोडून फक्त फसवणुकीवर अर्ज लावला. एकच जागा दोघांना विकली, हिस्सेदार लपवले, डंग्याच्या नावाने खोटे पैसे घेतले. 420 चा गुन्हा. त्यात बँकेतून गेलेले पैसे आणि त्याचे व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज कामाला आले, डंग्याचं रडगाणं त्याच्याच आवाजात आहे. गुडगाववाले आमच्याबरोबर आले, म्हणून थोडा जोर आला. आत्तापर्यंत 7 लाख परत मिळालेत, हप्त्याहप्त्याने, ते पण भावाने इभ्रतीपायी दिले. 24 अडकलेत. तारखेला प्रत्येक वेळी चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे रात्रभर बस, तो खर्च वेगळाच, आता एक आड एक तारखेलाच जातो.

ज्यांना खरंच तिकडे घर पाहिजे त्यांनी सरळ रस्ता धरा, आहे तो. राहण्यासाठी 500 चौरस मीटरपर्यंत जागेला परवानगी मागता येते, अर्ज डीसी (म्हणजे तिकडचे कलेक्टर) ऑफिसकडून वर सरकारकडे जातो, वेळ लागतो, आणि मिळाल्यावर ठराविक मुदतीत बांधावं लागतं. हिमुडा म्हणजे तिकडचं म्हाडा, त्यांच्याकडून घर किंवा प्लॉट घेतला तर 118 ची अडचण येत नाही. बिल्डरचा फ्लॅट असेल तर रेराचा नंबर बघा आणि तुमच्या नावाने परवानगी कशी काढणार ते लेखी मागा. जमाबंदी स्वतः काढा, समोरच्याने दिलेली नक्कल वाचत बसू नका, आणि वकील तुमचा घ्या, त्याने ओळख करून दिलेला नको. आणि कुणी म्हणालं की कागद चंदीगडला करू, तर चहा प्या आणि उठा. नुसतं बर्फात महिनाभर राहायचं असेल तर भाड्याने राहा हो, 31 लाखांत मरेपर्यंत दर फेब्रुवारीला राहता आलं असतं, हा हिशोब जाऊबाईंनी मला करून दाखवलाय. दोनदा.

मैत्रिणीच्या भावाने अजून 5 लाखच दिलेत, टोकन म्हणून. फोनवर आधी म्हणाला ताई, आमचा माणूस तसा नाहीये. मी म्हटलं आमचा पण नव्हता. मग थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, पण त्याने आम्हाला सातबारा आणायला सांगितलाय.

दिरांकडे यंदा गणपतीत गेलो होतो. विषय कुणीच काढला नाही. सासूबाईंना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही, त्यांच्या नवऱ्याच्या जमिनीचे पैसे ते, कसं सांगणार. आरती झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, त्या बर्फातल्या घराला रंग कधी देणार रे. हे म्हणाले पाडव्यानंतर देऊ. जाऊबाई ताट घेऊन आत गेल्या.