‘हात वर घ्या आणि मनात मूठ वळा’

माझं केजला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं पाणबुडी मोटारी, स्टार्टर, पंखे उघडत बसलोय. तरी एका प्लॅस्टिकच्या हातानं आम्हाला 1 लाख 80 हजारांना गंडवलं. लाजेनं वर्षभर गावात कुणाला बोललो नाही. परवा परळीकडचा एक जण दुकानात आला. त्याच्या मेव्हण्याचा हात उसाच्या चरकात गेलेला, आणि खिशात आम्हाला दिलं होतं तसलंच ‘सेन्सरच्या हाता’चं चकचकीत पत्रक. म्हणून लिहायला बसलो.

माझ्या लहान्या भावाचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. फाल्गुन महिना, ज्वारीचा कडबा नुकताच घरी आलेला, आणि शेतातली लाईट रात्री अकराची. पेंडी अडकली म्हणून त्यानं आत ढकलली आणि रोलरनं पेंडीबरोबर हात ओढला. कोपराखाली वीतभर उरला. ह्याच्यापुढचं लिहीत नाही.

शेतकरी अपघाताची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची जी शासनाची योजना आहे, तिच्यात एक अवयव गेला तर 1 लाख रुपये मिळतात. तलाठी, कृषी सहायक, दवाखान्याचे कागद असे सहा-सात महिने फिरल्यावर ते खात्यावर आले. त्यानंतर पंधरा दिवसांत एक गोड बोलणारा माणूस घरी आला. ‘अपंग बांधवांसाठी सेन्सरचा हात, शिबिरात सवलतीत.’ चहा पिताना त्यानं पहिला प्रश्न केला, “अनुदान जमा झालं का?” मला तेव्हा तो आपुलकीचा वाटला. गावात कुणाकडं पैसा आलाय हे ज्याला आधी कळतं, तो आपुलकीनं येत नसतो, एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं.

शिबिर अंबाजोगाईला, एका मंगल कार्यालयात. स्टेजवर पांढरे ॲप्रन घातलेले तिघं, टेबलावर काळा चकाकता हात, त्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला एक पट्टा. पट्टा माझ्या भावाच्या उरलेल्या हाताला बांधला. मुख्य माणूस म्हणाला, “हात वर घ्या आणि मनात मूठ वळा.” त्यानं हात वर घेतला, डोळे मिटले. टेबलावरची बोटं कर्रर्र आवाज करत मिटली. “आता खाली आणा आणि मूठ सोडा.” बोटं उघडली.

माय रडायला लागली. भाऊ म्हणाला, “दादा, माझीच बोटं मिटली बग. मला जाणवलं.”

त्याला खरंच जाणवलं होतं. हात तुटला तरी हात असल्याची जाणीव जात नाही. नसलेली बोटं खाजतात, रात्री आवळून येतात. मूठ वळायचा विचार केला तर कोपराखाली उरलेले स्नायू खरोखर आवळले जातात. सेन्सरचा खरा हात ह्याच गोष्टीवर चालतो आणि ह्या लोकांनी तीच गोष्ट आम्हाला विकली. म्हणून सांगतो, ह्या धंद्यात नव्वद टक्के बोलणं खरं असतं. खोटा असतो तो फक्त डबा.

लाखाची रक्कम होती. वर एक म्हैस विकली आणि भिशी उचलली. पावती मागितली तर एका ट्रस्टची देणगी पावती दिली. “आम्ही विकत नाही हो, सेवा करतो. जीएसटी लागला तर तुम्हालाच महाग पडेल.” मापं शिंप्याच्या टेपनं घेतली. दीड महिन्यानं हात आला.

पहिल्या दिवशी चालला. म्हणजे हात वर केला की मिटायचा, पुन्हा हलवला की उघडायचा. चौथ्या दिवशी भाऊ मोटारसायकलवर मागं बसला होता, रस्त्यात खड्डा आला आणि हातानं त्याची पिशवी सोडून दिली. पुढं पाहुण्यांसमोर चहाचा कप मांडीवर. फोन केला तर उत्तर ठरलेलं: “मेंदूला शिकायला तीन महिने लागतात. सराव करा.” महिन्यानं: “सराव कमी पडतोय.” दोन महिन्यांनी: “त्यांची नस कमजोर आहे, मशीन काय करणार?”

पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण मला आतून पोखरलं ते ह्या शेवटच्या वाक्यानं. तीन महिने तो पोरगा पहाटे उठून ओसरीवर बसायचा आणि हात झटकत सराव करायचा. गार पडलेला चहा शेजारी तसाच. बायकोनं विचारलं तर म्हणायचा, “यंत्र चांगलंय, माझाच हात मेलाय.” आत कातडी सोलून निघाली होती, तेही त्यानं सांगितलं नाही. तक्रार केली तर वॉरंटी जाईल, असं त्याला वाटत होतं.

शेवटी एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि हात उघडला.

आत खेळण्यातल्यासारखी एक गिअरची मोटार. तिच्यावर गुंडाळलेली मासे धरायची तंगूस, ती ओढली की चार बोटं एकदम मिटतात, अंगठा नुसता शोभेचा. लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले दोन सेल. आतल्या बाजूला कातडीला टेकणारी दोन चकचकीत स्टीलची बटणं, म्हणजे ‘जर्मन सेन्सर’. त्यांच्या वायरी धरून मागं गेलो. वायरी गोंदाच्या गोळ्यात शिरल्या आणि तिथंच संपल्या. पुढं काहीच जोडलेलं नाही. सर्किटच्या पट्टीला जोडलं होतं ते वेगळंच: गोळीएवढं एक धातूचं नळकांडं. हलवलं तर आत खुळखुळ वाजलं. मीटर बीपवर ठेवला, म्हणजे आतून वीज जायला वाट मिळाली की तो वाजतो. नळकांडं तिरपं केलं की बीप, सरळ केलं की बंद.

आत छर्रे होते. नुसता खुळखुळा. हात वर घेतला की छर्रे सरकायचे, मोटार फिरायची. ‘हात वर घ्या आणि मनात मूठ वळा’ ह्यातलं पहिलं अर्धं खरं काम करत होतं आणि दुसरं अर्धं आम्हाला रडवायला होतं.

माझा धंदा विजेचा, म्हणून जास्त शरम. स्नायू आवळला की कातडीवर जी वीज मिळते ती व्होल्टाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी. माझ्या मीटरच्या हिशेबात ती शून्यच. उलट दुकानात नुसतं उभं राहिलं तरी घरच्या लाईनची 50 हर्ट्झची घरघर अंगावर तिच्यापेक्षा जास्त असते. म्हणून खऱ्या सेन्सरमध्ये एकमेकांजवळ दोन टोकं ठेवून त्यांच्यातला फरकच तेवढा मोठा करतात, दोन्हीकडं सारखी येणारी घरघर वजा होते. त्यासाठी नाजूक सर्किट लागतं, आणि कातडीला टोक घट्ट टेकायला लागतं. म्हणूनच खरा माणूस नुसत्या टेपच्या मापांवर भागवत नाही, प्लास्टरचा साचा घेतो. उरलेल्या हाताची सूज उतरून आकार ठरेपर्यंत थांबायलाही सांगतो. हे मला शिबिरात आठवायला हवं होतं. पण समोर माय रडत होती.

मग एका ओळखीच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून लातूरहून रात्रीची रेल्वे धरून मुंबईला गेलो, हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत. तिथल्या बाईंनी आमचा काळा हात बाजूला ठेवला आणि भावाचा हात उशीवर टेकवून दिला. “हलवायचा नाही अजिबात. उचलायचा नाही.” आतल्या बाजूला एक चकती, वरच्या बाजूला एक, कोपराजवळ तिसरी. समोर पडद्यावर दोन रेषा. “मनगट आत वळवल्यासारखं करा.” हात जागचा हलला नाही आणि एक रेष उभी चढली. “आता बाहेर.” दुसरी चढली.

भाऊ पडद्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “म्याडम, परत करून दाखवू?” चांगलं दहा वेळा करून दाखवलं. त्याची नस कमजोर नव्हती, मेली तर नव्हतीच.

ही तपासणी साचा घेण्याच्याही आधी करायची असते. तुमच्यापुढं कुणी सेन्सरचा हात ठेवला तर हात टेबलावर टेकवून, जराही न हलवता तो मिटवून दाखवायला सांगा. नंतर स्नायू सैल सोडून हात नुसताच हवेत हलवून बघा, तेव्हा बोटं मिटता कामा नयेत. एवढ्यात आमचे 1 लाख 80 हजार वाचले असते. आणि ॲप्रनला भुलू नका. कृत्रिम अवयव बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी लागते, 1992 चा कायदा आहे, आणि ती नोंद नंबरावरून ऑनलाइन बघता येते. आमच्या शिबिरातल्या तिघांपैकी एकाचंही नाव तिथं सापडलं नाही.

केस बीडच्या ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण ती देणगी पावती आडवी येते. समोरचा म्हणतो, विक्री झालीच नाही, दान होतं. वकिलांनी फोनवरची रेकॉर्डिंग आणि पत्रकावरची किंमत जोडली आहे. तुम्ही फसला असाल तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला आधी फोन करा. आणि पावतीवर ‘देणगी’ लिहिलेलं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा.

भावानं सेन्सरचा हात आता घेतलेला नाही. नस आहे, पण खऱ्या हाताचे लाख आमच्याकडं उरले नाहीत, आणि धूळ, घाम, गोठ्यातलं पाणी त्याला मानवणारही नाही. त्याच्याकडं सध्या खांद्यावरून दोरी गेलेला साधा आकडा आहे. खांदा पुढं नेला की आकडा उघडतो, सैल सोडला की रबरानं मिटतो. अमेरिकेत डोरन्स नावाच्या माणसानं 1912 साली पेटंट घेतलेला आकडा ह्याच जातीचा. दिसायला वंगाळ, पण बैलाचा कासरा सुटत नाही.

शिकवायला मात्र बाईंना अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागले. आकडा उघडायला खांदा सावकाश पुढं न्यावा लागतो आणि ह्याचा अख्खा हात झटका देऊन वर जायचा. तीन महिने छर्ऱ्यांच्या खुळखुळ्यावर केलेली मेहनत अंगात मुरली होती. आता पुष्कळ कमी झालंय. पण परवा पंगतीत कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यानं डावा हात पुढं करायच्या आत उजवा खांदा तसाच उडाला.