ब्रन्सविकचं चेंबरलेन म्युझियम: जनरल नाही, मास्तर बघायला जा

अमेरिकेतल्या मेन राज्यात फिरायला जाणारी आपली मंडळी पोर्टलंडचं लाइटहाऊस, लॉब्स्टर रोल आणि मग थेट अकाडिया नॅशनल पार्क असा प्लॅन करतात, मधे ब्रन्सविकला कोणी थांबत नाही. माझं म्हणणं, थांबाच, तेही जोशुआ चेंबरलेनच्या घरासाठी. मेन स्ट्रीटवर बोडन कॉलेजच्या समोरच आहे.

ज्यांना चेंबरलेन माहितेय त्यांना तो अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईमुळे. 2 जुलै 1863, लिटल राउंड टॉपवर ह्याची 20वी मेन रेजिमेंट, गोळ्या संपत आलेल्या, मग ह्याने संगिनी लावून टेकडीवरून खाली हल्ला चढवला. भारीच आहे ते, पण हा माणूस मुळात बोडनचा प्रोफेसर. कॉलेजने 1862 मधे त्याला भाषा शिकायला युरोपला जा म्हणून दोन वर्षांची रजा दिली आणि हा पठ्ठ्या गेला सैन्यात! लहानपणी बोलताना अडखळायचा आणि पुढे वक्तृत्व शिकवायला लागला, हे तर मला फारच आवडलं.

आता घर. आत जायची घाई करू नका, आधी रस्त्यावर उभं राहून नीट बघा. मूळ घर छोटंसं, तरुण असताना कवी लाँगफेलो बायकोबरोबर तिथे भाड्याने राहिलेला. 1871 मधे चेंबरलेन कॉलेजचा प्रेसिडेंट झाला, पाहुण्यांची ये-जा वाढली, तर त्याने अख्खं घर वर उचलून घेतलं आणि खाली नवीन मजला बांधला. म्हणजे आपण जो वरचा मजला बघतो ते जुनं घर! चिमणीवर लाल क्रॉस दिसेल, ती युद्धातल्या त्याच्या फिफ्थ कोअर ह्या सैन्यदलाची खूण.

आत गाइड बरोबर असतो, खोल्या दाखवत छान निवांत सांगतात. बहुतेक लोक युद्धाचंच विचारत बसतात, तुम्ही प्लीज कॉलेजच्या वर्षांबद्दल विचारा. कारण जून 1864 मधे त्याच युद्धात, व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला एक गोळी ह्याच्या एका खुब्यातून शिरून दुसऱ्यापर्यंत गेली, डॉक्टरांनी आशा सोडली, सरसेनापती ग्रँटने तिथल्या तिथे ब्रिगेडियर जनरल केलं, पेपरात मेल्याची बातमीसुद्धा आली. तो जगला, पण जखम कधीच पूर्ण भरली नाही, परत परत ऑपरेशन्स, इन्फेक्शन, आणि त्या अवस्थेत मेनचा चार वेळा गव्हर्नर आणि मग 1883 पर्यंत कॉलेज चालवलं. शेवटी तब्येतीमुळेच सोडावं लागलं. 1914 ला गेला, तेही त्याच जखमेच्या त्रासाने. पन्नास वर्षं हो! मला तर लिटल राउंड टॉपपेक्षा हे मोठं वाटतं.

सगळं गोडगोड होतं असंही नाही. पोरांना त्याने मिलिटरी ड्रिल सक्तीची केली, 1874 मधे पोरांनी बंड केलं, ह्याने सरळ घरी पाठवलं आणि परत या नाहीतर नाव कापतो म्हणून कळवलं. जवळपास सगळे परत आले पण पुढे ड्रिल ऐच्छिक करावी लागली. माझ्या मते पोरं बरोबर होती, वर्ग म्हणजे काही छावणी नाही.

अजून एक किस्सा विचारा, त्याच्या मेडल ऑफ ऑनरचा, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा. 1893 ला मिळालेलं मूळ मेडल 2013 मधे एका जुन्या पुस्तकाच्या मागे सापडलं, चर्चच्या सेलमधे घेतलेल्या पुस्तकाच्या! ज्याला सापडलं त्याने नाव न सांगता ते म्युझियम चालवणाऱ्या पेजेप्स्कॉट संस्थेला पाठवून दिलं. ह्याच संस्थेने 1983 मधे हे घर विकत घेऊन वाचवलं, तोपर्यंत त्यात भाड्याची अपार्टमेंट्स झाली होती.

म्युझियम सीझनलच असतं, हिवाळ्यात बंद, त्यामुळे वेळा आधी वेबसाइटवर बघून घ्या. जुनं घर आहे, आईबाबा बरोबर असतील तर जिन्याचं आधी विचारा. बॉस्टनहून गाडी नसेल तर नॉर्थ स्टेशनवरून डाउनईस्टर ट्रेन थेट ब्रन्सविकला येते आणि स्टेशनपासून घर चालत जाण्यासारखं आहे. हायस्कूलमधली मुलं असतील तर नक्की न्या, आणि बाहेर पडल्यावर समोरच्या कॉलेजच्या आवारात पण एक चक्कर मारा. माझ्याकडून पाच स्टार.