पोटॅशियम ऑक्झलेट, अर्धा किलो: दोन वर्षांच्या वापरानंतर

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका जुन्या केमिकलच्या दुकानातून पोटॅशियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटची ५०० ग्रॅमची बरणी आणली, त्याला दोन वर्षं होत आली. पॅलेडियम प्रिंटचा, म्हणजे पॅलेडियम धातूत उमटवलेल्या फोटोचा, डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) करायला. लॅबोरेटरी ग्रेड, पांढरेशुभ्र खडे, सील शाबूत. काउंटरवरच्या काकांनी कशाला हवंय ते विचारूनच बरणी दिली, हे मला फार आवडलं. वस्तू विषारी आहे.

प्रमाण सोपं: ५०० ग्रॅमला दीड लिटर कोमट पाणी. आधी मी अर्धंच केलं, आणि ते दुधासारखं गढूळ झालं. माल खराब निघाला असं वाटून दुकानात फोन केला. काकांनी एवढंच विचारलं, "ताई, पाणी कुठलं घेतलंत?" आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला भेटलं की न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. उरलेलं अर्धं डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलं, तर पाणी नितळ काचेसारखं! लिटमस निळ्याकडे झुकत होता, म्हणून चिमूटभर ऑक्झॅलिक ॲसिड घातलं. डेव्हलपर अल्कधर्मी राहिला तर कागदावरच्या लेपातलं लोह सुटत नाही आणि पांढऱ्या भागावर पिवळट झाक राहते.

विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये याच जातीच्या प्लॅटिनम प्रिंटचं पेटंट घेतलं, तेव्हाही चित्र गरम पोटॅशियम ऑक्झलेटमध्येच उमटवत. मीही गरमच वापरते, तपकिरी उबदार छटेसाठी. ट्रेमध्ये प्रिंट ठेवून डेव्हलपर एका दमात ओतायचा, हात अडखळला की रेघ पडते. ओतता ओतता फिकट कागदावर आजीच्या लुगड्याची एकेक चुणी उमटते, आणि दर वेळी माझा श्वास थांबतो.

हा डेव्हलपर फेकायचा नाही. लोणच्यासारखा मुरतो. तळाचा गाळ तसाच ठेवून वरचं निथळून घ्यायचं, गाळण कागदातून गाळायचं, कमी झालं तेवढं ताजं घालायचं. वापरलेल्यात लोहाचे क्षार उतरतात आणि त्यांच्यावर उजेडाचा परिणाम होतो, म्हणून बाटली ब्राउन काचेची. ती मी दुसरीकडून घेतली आणि तिथे फसले: पत्र्याचं झाकण पहिल्याच पावसाळ्यात गंजलं, गंजाचे कण आत पडले. झाकण प्लॅस्टिकचंच घ्या. पुण्याच्या थंडीत तळाशी स्फटिक धरतात, बाटली कोमट पाण्यात ठेवली की विरघळतात.

बरणीबद्दल एकच तक्रार. विषाची खूण फार बारीक आहे आणि मराठीत एक अक्षर नाही. मी लाल शाईने मोठ्ठं "विष" लिहून चिकटवलं. चमचा, वजनकाटा, मापाचं भांडं सगळं वेगळं, स्वयंपाकघराबाहेर, कुलुपात.

मुरलेली बाटली अजून उत्तम चालते. भर घालायला पुढच्या महिन्यात त्याच दुकानातून आणखी अर्धा किलो आणणार आहे.