विद्यासागर की कर्वे?

भाचीला निबंधासाठी एकच सुधारक निवडायचाय: बंगालचे ईश्वरचंद्र विद्यासागर की आपले धोंडो केशव कर्वे? दोघेही विधवांसाठी झटले, पण वाटा वेगळ्या.

मार्ग: विद्यासागरांनी पराशरस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथातला आधार शोधला, सरकारकडे अर्ज केला आणि १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतःच विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं.

किंमत: कर्व्यांवर त्यांच्या गावच्या, मुरूडच्या, लोकांनी बहिष्कार टाकला. विद्यासागरांचं मात्र वाचताना गलबलून येतं. असे विवाह लावून देण्यासाठी ते कर्जात बुडाले. १८५७-५८ मध्ये त्यांनी खेड्यांत मुलींच्या ३५ शाळा काढल्या, सरकारने खर्चाला हात आखडता घेतला. १८५८ साली त्यांनी संस्कृत कॉलेजची नोकरीच सोडली. १८७० मध्ये मुलाने विधवेशी लग्न केलं, तेव्हा ते त्याच्या पाठीशी उभे राहिले.

टिकाऊपणा: कायदा झाला तरी पुनर्विवाह थोडेच झाले. कर्व्यांचं १९१६ चं महिला विद्यापीठ आजही चालू आहे. विद्यासागरांचं ‘वर्णपरिचय’ हे अक्षरओळखीचं पुस्तक बंगाली मुलांच्या हातात अजून आहे, हेही विसरू नये.

संस्था कशी उभी राहते हे लिहायचं असेल तर कर्वे घे. शास्त्र, कायदा आणि एकट्या माणसाची झुंज मांडायची असेल, तर विद्यासागर.