सापशिडीच्या लाकडी पटावर अक्षरं: ब्रश, रेडियम की लेझर?

पटावर अक्षरांची कामं दोन: कडेच्या पट्टीवर नाव आणि आत १ ते १०० आकडे. दोन्हींना एकच पद्धत लावायचा हट्ट धरला की कुठेतरी फसतं. ४५ सेंमीच्या चौरस पटावर चारी बाजूंनी अडीच सेंमी पट्टी सोडली तर एक घर ४ सेंमीचं येतं आणि आकडा १०-१२ मिमी उंचीचाच शोभतो. असे एकूण १९२ अंक. आमचं मत सरळ आहे: नाव हाताने, आकडे यंत्राने.

ब्रशच्या अक्षराला जी जान येते ती दुसऱ्या कशाने येत नाही, पण १५ मिमीपेक्षा लहान अक्षर नवख्या हाताला झेपत नाही. वळण सुचत नसेल तर ‘यात्रा वन’ हा फुकट मिळणारा फॉन्ट बघा. मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतलेला आहे. प्रिंट काढा, कार्बनने पटावर उतरवा आणि चपटा ब्रश एकाच कोनात धरून भरा. त्याआधी लाकडावर सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा पारदर्शक थर) दोन हात हवेतच, नाहीतर रंग रेषांमधून फुटतो. ऑइल एनॅमल घोटीव दिसतं, मात्र त्यावर थिनरवालं लॅकर मारलं की अक्षरं सुरकुततात. अ‍ॅक्रिलिक आणि वरून पाण्यावरचं पीयू (पॉलियुरेथेन, पारदर्शक संरक्षक लेप) ही जोडी कमी त्रासाची.

नंबरप्लेट करणारे रेडियमवाले ठाण्यात, वाशीत, ऐरोलीत कुठेही सापडतात. त्यांच्या प्लॉटरवर (संगणकावरून अक्षरं कापणारं यंत्र) विनाइलचा, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा, स्टेन्सिल कापून घेता येतो. साध्या प्लास्टिकच्या स्टेन्सिलमध्ये ‘व’, ‘०’, ‘४’, ‘९’ यांची पोटं (आतले बंद भाग) गळून पडतात, म्हणून मध्ये काडी ठेवावी लागते. विनाइलमध्ये ती भानगड नाही, पोट ट्रान्सफर टेपबरोबर (कापलेला स्टेन्सिल उचलून बसवायची चिकटपट्टी) जागेवर बसतं. अडचण गोंदाची: तो इतका घट्ट असतो की स्टेन्सिल काढताना सीलरचा पापुद्रा उचलतो. चिकटवण्याआधी सुती कापडावर दोन-तीनदा दाबून चिकटपणा कमी करा. बसवल्यावर कडांवरून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा एक पातळ हात द्या, म्हणजे पुढचा रंग खाली शिरत नाही. रंग स्पंजने टिपा, ब्रश ओढू नका. रंग अर्धवट ओला असतानाच स्टेन्सिल आडव्या कोनात सोलायचा. पूर्ण सुकू दिला तर कडा फाटतात. १० मिमीच्या खाली बारीक भाग कापतानाच उचकटतात, म्हणून आकड्यांसाठी विनाइल अगदी सीमेवर आहे.

आकड्यांना लेझरच. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत काम करून मिळतं. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषाकृतींमध्ये, बदलून द्या. नाहीतर त्यांच्या संगणकावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार निसटतो आणि जोडाक्षरं सुटतात. कोरण्याआधी पटाचा फोटोप्रूफ वाचून घ्या. लाकडावर कागदी मास्किंग टेप लावून कोरलं तर धुराचे डाग टेपवर राहतात. विनाइल मात्र लेझरखाली घालू नका, पीव्हीसी जळून क्लोरीनयुक्त विषारी, यंत्र गंजवणारा वायू निघतो. भरीव अक्षराला यंत्र ओळीओळीने फिरतं, त्यामुळे वेळ आणि पैसे जास्त. नुसती बाह्यरेषा झटपट होते.

लाकूड कोणतं, यावरही बरंच ठरतं. प्लायचा वरचा थर जेमतेम अर्धा मिमीचा असतो. खोल कोरलं की खालचा गोंद काळानिळा दिसतो, म्हणून प्लायवर लेझर उथळच ठेवा. सागवानात मऊ-कडक रेषा आलटून पालटून येतात, त्यामुळे जळण कमीजास्त होतं. तापलेल्या पेनने हाताने जाळणाऱ्यांना तर याचा जास्तच त्रास, कारण पेन प्रत्येक रेषेवर उडी मारतं. पटाशीने कोरायचं असेल तर फक्त कडेच्या पट्टीवर. आतल्या घरात सोंगटी अडते.

जून ते सप्टेंबरमध्ये काम असेल तर एनॅमल टाळा, दमट हवेत ते दिवसेंदिवस चिकट राहतं. लॅकरही त्या हवेत पांढरं पडतं. लेझर त्या महिन्यांतही चालतं, फक्त त्यावरचं पीयू पंखा लावलेल्या बंद खोलीत, पातळ हातांनी द्या आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबा.